परदेशातून : नवोदय वाढवा, पण फॉर्मपासून सुरुवात करा

‘दर तालुक्याला एक नवोदय द्या’, म्हणजे परीक्षा घेऊन सहावीला मुलं निवडणारी केंद्र सरकारची निवासी शाळा द्या, ही मागणी जळगाव-धुळ्याकडे नेहमी ऐकू येते. त्यावर दुसरी बाजू म्हणते, मूठभर हुशार पोरांवर एवढा खर्च कशाला? तोच पैसा झेडपीच्या शाळांत घाला.

इंग्लंडातल्या केंटमध्ये राहणाऱ्याला हा वाद ओळखीचा आहे. इंग्लंडात अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या 163 सरकारी ग्रामर शाळा उरल्या आहेत. 1998च्या कायद्याने नव्या काढता येत नाहीत, पण जुन्यांत जागा वाढवायला सरकारने पैसा दिला. गरीब घरची मुलं त्यांत फारच कमी. ज्यांना खासगी शिकवणी परवडते आणि शाळेजवळ घर घेता येतं, त्यांचं फावतं.

या बाबतीत नवोदय उजवं. भुसावळजवळच्या साकेगावचं नवोदय निवासी आहे, त्यामुळे चोपड्याच्या टोकाचं पोरही तिथे शिकू शकतं. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. राहणं, जेवण, पुस्तकं फुकट. पैसा वाया जातो हे म्हणूनच पटत नाही. पण जळगावचे 15 तालुके आणि सहावीच्या जागा 80, तेव्हा चाळणी कशी लागते ते बघायला हवं.

फॉर्म पावसाळ्यात ऑनलाइन भरायचा, त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का लागतो. परीक्षा हिवाळ्यात. मधल्या काळात दिवाळी होते आणि चाळीसगाव, नंदुरबारकडची कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. फॉर्म भरलेलं पोर परीक्षेच्या दिवशी फडावर असतं. त्यात नियम असा की तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरी शाळेत काढला, तरी ग्रामीण कोटा गेला. मजुरीला सुरतेत गेलेल्या बापाने लेकराला तिथल्या शाळेत बसवलं, तर शिक्षा लेकराला.

पेपर 2 तासांचा, 80 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. त्यातले 40 प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, आकृत्यांचे. पोरं तिथेच अडकतात आणि गणिताला वेळ उरत नाही. ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, एक प्रश्न सोडून पुढचा गोल रंगवला की खालची सगळी उत्तरं सरकतात, पेनाचं खोडता येत नाही. क्लासवाल्या पोरांच्या हाताला हे वळण पडलेलं असतं. झेडपीच्या पोराला ते पान पहिल्यांदा दिसतं परीक्षेतच. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्याला भाषेचे उतारे वेगळे जड जातात.

केंटमध्ये मुलाच्या वयानुसार गुण जुळवून घेतात, आणि थोडक्यात हुकलेल्यांच्या वह्या मुख्याध्यापक समितीपुढे ठेवू शकतात. नवोदयला जवळपास दोन वर्षांनी मोठं पोर त्याच रांगेत, वयाचा हिशेब न धरता मिळालेल्या गुणांवर.

नवी इमारत मागण्याआधी एवढं मागा: ऊसतोडीच्या गावांतली हंगामी वसतिगृहं (आईबाप तोडीला गेले तरी मुलं गावातच राहतात ती) दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच सुरू व्हावीत, तिथे आठवड्याला एक खरा ओएमआर सराव व्हावा, आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांना त्या ‘एक दिवसा’तून सूट मिळावी. पहिल्या दोन गोष्टी तर जिल्हा परिषदेच्याच हातातल्या आहेत.