उतारानं मारलं

रविवारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली आणि सोमवारी संध्याकाळी पश्या मेडल गळ्यात घालूनच कट्ट्यावर आला. ऑफिसातही म्हणे दिवसभर तसाच बसला होता.

"माणूस पायांनी नाही, मनानं धावतो," बसायच्या आधीच पश्यानं सुरू केलं.

"मग यवतेश्वरच्या वळणावर पोटरी धरून का बसला होतास?" नाना. "मन पुढं गेलं होतं का?"

पश्या दोन तास एकोणचाळीस, नाना तीन तास बारा. हे आकडे मला पाठ आहेत, कारण पश्यानं ते चारदा सांगितले.

"सोडायचं नाही, बस! ललिता बाबर बघ. आपल्या माण तालुक्यातली!"

"बघितली की. मुंबई मॅरेथॉनला भारतीय बायकांत पहिली आलेली पोरगी, पण 2016 ला रिओ ऑलिंपिकात धावली स्टीपलचेस, अडथळ्यांची शर्यत. हीटमध्ये 9:19.76, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. फायनलला दहावी. मॅरेथॉनच धरून बसली असती, तर तू आज कुणाचं नाव घेतलं असतंस?"

पश्या घड्याळाकडं बघायला लागला. ते त्याला झोप किती झाली तेही सांगतं.

मग डॉक्यानं दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत काढली. नव्वदेक किलोमीटर, बारा तास. वेळ संपायला आली की एक माणूस धावणाऱ्यांकडं पाठ करून उभा राहतो नि ठोक्याला बंदूक उडवतो. मागं कोण दोन पावलांवर आलंय, ते त्यानं बघायचंच नाही.

"याला म्हणतात शिस्त!" पश्या.

"शिस्त कसली? तोंड बघितलं तर बार उडवायचा हात उठणार नाही, म्हणून पाठ," नाना म्हणाला. "तू तर ट्रेकला मला सज्जनगडाच्या पायऱ्यांवर टाकून पुढं गेलास, पाठ करून. बंदूक नव्हती एवढंच."

"दहा वर्षं झाली रे त्याला!"

"पाण्याची बाटली पण तुझ्याकडंच होती."

यावर पश्याकडं उत्तर नव्हतं. कालही त्यानं चढ दामटून घेतला आणि उतारानं त्याच्या मांड्या फोडल्या. नाना चढावर गप्पा मारत, चालत गेला, म्हणून आज मांडी घालून बसला होता. पण हे बोलून पश्याला आणखी छळण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात घड्याळ थरथरलं. "फार वेळ बसलाय, जरा उठा," असा त्याचा हुकूम.

पश्या उठायला गेला. उठेना. शेवटी दोघांनी बखोट धरून उभा केला.

"मनानं उठ की!" टपरीवाल्या काकांनी आतून आवाज दिला. चहाचे पैसे मात्र पुन्हा नानानंच दिले.