आईला हसायला सांगणारा मेसेज

नव्या आयांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या दोन वर्षांत आई उदास किंवा सतत काळजीत राहिली तर बाळाच्या मेंदूचं कायमचं नुकसान होतं, तिचं दुःख दुधातून बाळात उतरतं, म्हणून तिने बाळासमोर नेहमी हसतमुख राहावं आणि मनाच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये. सूर काळजीचा, त्यामुळे पुढे पाठवताना कुणाला काही वावगं वाटत नाही.

‘मेंदूचं कायमचं नुकसान.’ परिणाम होतो, यात वाद नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो कुटुंबांचा गरोदरपणापासून पाठपुरावा झाला आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ज्या बायकांना खूप चिंता होती, त्यांच्या मुलांमध्ये चौथ्या वर्षी भावनिक आणि वागणुकीच्या अडचणी जास्त दिसल्या. पण १९३ अभ्यास एकत्र मांडून २०११ साली जे विश्लेषण झालं, त्यात आईचं नैराश्य आणि मुलांच्या अडचणी यांचा संबंध पक्का निघाला तरी छोटा निघाला. शिवाय त्यात आनुवंशिकता, घरातली भांडणं, पैशांची ओढाताण यांचाही वाटा असतो. सगळं खापर आईच्या चेहऱ्यावर फोडता येत नाही. आणि ‘कायमचं’? ब्रिस्टलच्याच माहितीवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धोका सर्वांत ठळक दिसला तो नैराश्य तीव्र होतं आणि बाळाच्या दुसऱ्या महिन्यापासून आठव्या महिन्यापर्यंत हटलंच नाही तिथे. त्या मुलांना पुढे सोळाव्या वर्षी गणितात कमी गुण मिळण्याची शक्यताही वाढलेली होती. आईला घाबरवायला हे आकडे सोयीचे आहेत खरे. मला त्यातून कळतं ते एवढंच, की दुखणं रेंगाळू देऊ नये.

‘दुःख दुधातून उतरतं.’ नाही. वाट वेगळी आहे, आणि ती डोळ्यांनी बघता येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई समोर बसवलेल्या बाळाशी खेळते, मग ठरल्याप्रमाणे काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. उत्तर येत नाही म्हटल्यावर कावरंबावरं होतं, तोंड फिरवतं, रडू लागतं. आई पुन्हा बोलायला लागली तरी सावरायला वेळ घेतं. नैराश्यात असं काहीसं, सौम्यपणे, दिवसभर घडू शकतं. बाळाच्या हुंकाराला उशिरा उत्तर मिळतं, आवाजातला चढउतार जातो, ‘अगं बाई, कोण बोललं हे!’ म्हणायच्या जागी लंगोट गुपचूप बदलला जातो. चिंतेत कधी उलटं होतं: बाळ दमून मान वळवतं आणि आई घाबरून त्याला परत आपल्याकडे वळवते. बाळ बोलायला आणि स्वतःला शांत करायला शिकतं ते याच देवाणघेवाणीत.

‘म्हणून हसत राहा.’ हा मुद्दा सगळ्यात घातक. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणानुसार ठणठणीत आई आणि बाळाचे सूरही जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेले असतात. बाकी वेळ सूर चुकतो, पुन्हा जुळतो. बाळाला अखंड हसू लागतच नाही. दुसरं असं की बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ पासून जी एडिनबरो प्रश्नावली वापरतात, तिच्यातल्या दहा प्रश्नांपैकी पहिलाच हा आहे: गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसता आलं का, गोष्टींची गंमत वाटली का? म्हणजे हसू न येणं हे आजाराचं लक्षण, आणि मेसेज तेच उपाय म्हणून मागतो. ताप चढलेल्या माणसाला ‘अंग गार ठेव’ म्हणण्यातलाच प्रकार. आई हसते, फोटो काढते, आणि तिला काय होतंय हे कुणाला कळत नाही.

‘गोळ्या नकोत.’ नैराश्यावरचं सर्ट्रालीनसारखं औषध दुधात फार कमी उतरतं. अंगावर पिणारं बाळ असताना डॉक्टर बरेचदा त्याचाच आधी विचार करतात. निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यायचा, चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. प्रत्येकीला गोळ्या लागतातच असंही नाही. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी घरी जाऊन आयांशी ठरावीक पद्धतीने संवाद साधला. २००८ साली प्रसिद्ध झालेले निकाल असे: बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, तुलनेच्या गटात ५३ टक्के. बाळांना जुलाबही कमी झाले आणि लसीकरण वाढलं. मात्र उंची-वजनात ठळक फरक पडला नाही. आईचं मन सावरलं म्हणजे सगळंच आपोआप सुटतं असं नव्हे. काहींना बाळाशी खेळायची, त्याचे इशारे ओळखायची वेगळी मदत लागते.

मेसेजमध्ये बाबांचं नावही नाही. नैराश्य त्यांनाही येतं, आणि बाळाच्या हुंकाराला उत्तर द्यायला त्यांचा चेहराही चालतो. आजीचा, मावशीचासुद्धा.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांतलं हळवेपण, उगाच येणारं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही ते टिकलं, बाळ झोपलेलं असताना झोप येईना, कशातच मन लागेना, तर डॉक्टरांकडे जायचं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं, तर त्याच दिवशी.