सम्राटाचा वाडा आणि माझे गुडघे

निवृत्त माणसाने स्वस्थ बसावे, असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि या मताला पाठिंबा देणारा एक रोमन सम्राट मला क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात भेटला. डायोक्लेशियन इ.स. ३०५ मध्ये आपणहून गादी सोडून या समुद्रकाठी राहायला आला; पुढे त्याला परत येण्याची गळ घालण्यात आली, तेव्हा मी माझ्या हाताने लावलेला कोबी एकदा येऊन पाहा, म्हणजे असले काही सुचवणार नाही, असे त्याने उत्तर दिले म्हणतात. मुलाने सहलीची तिकिटे हातात ठेवली तेव्हा मलाही हेच कारण सांगायचे होते; पण आमच्या गॅलरीत फक्त तुळस आणि कोरफड आहे, आणि दोन्ही माझ्यावाचून उत्तम वाढतात.

सौ.ने वहीत सतरा ठिकाणे लिहून आणली होती. सम्राटाचा राजवाडा म्हटल्यावर तिकीटखिडकी, दोरी लावलेला पलंग आणि पेंगणारा पहारेकरी एवढी माझी अपेक्षा होती. परंतु सुमारे २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद असलेला हा राजवाडा म्हणजे चक्क नांदते गाव निघाले. सातव्या शतकात शेजारच्या सलोना शहराची धूळधाण झाली, तेव्हा तिथली माणसे या भिंतींच्या आसऱ्याला आली आणि आतच राहिली. पुण्याच्या जुन्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना पुढचे सांगायला नको. एकदा शिरलेले बिऱ्हाड हलत नाही! रोमन भिंतीत कुणाची खिडकी, खिडकीखाली दोरी, आणि दोरीवर वाळत घातलेला निळ्या पट्ट्यांचा टॉवेल, ज्याचे पाणी टपटप माझ्या टोपीवर पडत होते.

तळघरे पाहून मात्र मी अंतर्मुख झालो. वरच्या बिऱ्हाडांनी फरशीला भोके पाडून केरकचरा आणि सांडपाणी शतकानुशतके खाली सोडले, त्यामुळे ती दालने गच्च भरली आणि त्यामुळेच टिकली. वरच्या नष्ट झालेल्या दालनांची रचना कशी होती, हे आज या उपसलेल्या तळघरांवरूनच कळते. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरून केळ्यांच्या साली टाकणाऱ्यांविरुद्ध मी आजवर तीन सूचना लावल्या आहेत. भावी संशोधकांचे मी केवढे नुकसान करत होतो!

खरा छळ मात्र पायांखाली होता. इथल्या गल्ल्यांतली चुनखडीची फरसबंदी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी घासून इतकी गुळगुळीत झाली आहे की तीत आपला चेहरा दिसावा, आणि मला तो फार जवळून दिसण्याची भीती होती. शेवाळलेल्या अंगणात चालतात तसा मी अंगठा आधी रोवून चालत होतो. ‘पुस्ती मे दा प्रोजेम’, म्हणजे ‘मला जाऊ द्या’, अशा नावाची एक बोळ आहे. तीत समोरून एक धिप्पाड गृहस्थ आले, आणि आम्ही दोघे पोट आत ओढून, एकमेकांची क्षमा मागत, कुस्तीतल्या बरोबरीसारखे काही वेळ उभे राहिलो. सौ. पुढे जाऊन फोटो काढत होती.

मधल्या चौकात, इजिप्तहून आणलेल्या काळ्या स्फिंक्सशेजारी, पायऱ्यांवर गाद्या मांडलेल्या दिसल्या. नगरपालिकेला माझ्या गुडघ्यांची दया आली असावी, असे समजून मी बसलो, तोच एक तरुण अत्यंत अदबीने मेनूकार्ड घेऊन आला. गाद्या कॅफेच्या होत्या.

“अहो, कॉफी नंतर. आधी मनोरा,” सौ. म्हणाली.

तो ५७ मीटर उंच घंटामनोरा ज्या कॅथेड्रलचा आहे, ते मुळात सम्राटाने स्वतःसाठी बांधलेले थडगे. ख्रिस्ती लोकांचा त्याने अतोनात छळ केला, आणि त्यात बळी गेलेल्या बिशप डोम्नियसच्या नावानेच आज ती वास्तू ओळखली जाते. मालकाच्या शवपेटीचा तर पत्ताही नाही. हा हिशेब मी पहिल्या उंच दगडी पायऱ्यांवर मनाशी जुळवत होतो. पुढे आरपार दिसणारा लोखंडी जिना सुरू झाला, तेव्हा इतिहास सुटला आणि रामरक्षा सुरू झाली. वरून समुद्र फार सुंदर दिसतो, असे सौ.चे म्हणणे आहे. मी कठड्याच्या खांबाला धरून त्या खांबाचा अभ्यास केला.

उत्तरेच्या सुवर्णद्वाराबाहेर मेश्त्रोविचने घडवलेला बिशप ग्रेगरीचा प्रचंड पुतळा आहे. त्याच्या पायाचा अंगठा चोळला की भाग्य उजळते, म्हणून तो अंगठा तेवढा लखलखतो. तिथेही रांग होती. पंढरपूरच्या पदस्पर्शदर्शनाच्या सवयीने मी अंगठ्यावर डोके टेकवले, तेव्हा मागच्या मंडळींनी कॅमेरे माझ्याकडे वळवले.

वहीतले सतरावे ठिकाण रौप्यद्वाराबाहेरचा भाजीबाजार निघाले, आणि तिथे, एका आजीबाईंच्या लाकडी फळीवर, बाहेरच्या पानांवर माती लागलेले हिरवेगार कोबी रचलेले होते. मी एक उचलला, वजन पाहिले, बोटाने दाबून पाहिला. घट्ट, भरलेला गड्डा. सम्राटाचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

“हॉटेलात कोबी घेऊन काय करणार आहात?” असे विचारता विचारताच सौ.ने बोटांनी भाव पाडायला सुरुवात केली होती. याच डायोक्लेशियनने ३०१ मध्ये हजाराहून अधिक वस्तूंचे कमाल भाव ठरवून देणारा हुकूम काढला होता, हे मी तिला सांगितले.

“मग? ऐकले का कुणी?”

“नाही.”

आजीबाईंनीही ऐकले नाही.