खाट वाढते तेव्हा काय काय वाढतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. जुन्या सरकारी रुग्णालयांच्या विस्तारावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लिहिलंत की, तुमच्या वॉर्डात दोन खाटांच्या मधे गादी टाकून पेशंट झोपवावे लागतात आणि माझ्यासारखे निवृत्त इंजिनिअर ट्रान्सफॉर्मर नि ड्रेनेजची कारणं पुढे करून नवी इमारत लांबवत बसतात. जुनं सगळं पाडा, 20 मजली टॉवर बांधा, हा तुमचा उपाय. आणि शेवटी विचारलंत, ‘तुमचा आराखडा होईपर्यंत माझ्या पेशंटनं झोपायचं कुठं?’

हा प्रश्न रास्त आहे. मूळ लेखात त्याचं उत्तर नव्हतं, ती उणीव माझी. पण ट्रान्सफॉर्मर ही नुसती सबब म्हणून सांगितली, हे मात्र मान्य नाही. असं का, ते सांगतो.

एप्रिल 2021. एका तालुक्याच्या गावी ऑक्सिजनच्या कामासाठी मला बोलावलं होतं. तिथली पाइपलाइन टाकली तेव्हा ऑपरेशन थिएटर आणि थोड्या खाटांपुरतीच होती. कोविडची लाट आली तसे त्याच लाइनीला फाटे फोडत गेले आणि 60 खाटा जोडल्या. कागदावर 60 ऑक्सिजन बेड झाले. नाकातल्या साध्या नळीवर पेशंटला मिनिटाला 4 लिटर लागत असेल, तर हाय फ्लोचं, म्हणजे जोरदार प्रवाहानं ऑक्सिजन देणारं, एक मशीन 60 लिटरपर्यंत ओढतं, म्हणजे एकटंच 15 जणांचा वाटा खातं. सिलिंडर जिथं लाइनीला जोडतात त्या मॅनिफोल्ड रूममधला दाबाचा काटा अगदी व्यवस्थित होता. शेवटच्या खाटेपाशी मात्र व्हेंटिलेटर सारखा कमी दाबाचा अलार्म देत होता. तिथल्या सिस्टरना गणित सांगायची गरज पडली नाही. त्यांनी आणि वॉर्डातल्या मामांनी (वॉर्डबॉयनी) मिळून ती खाट पेशंटसकट ढकलत लाइनीच्या तोंडाशी नेली आणि जरा बऱ्या असलेल्या आजोबांना त्या कोपऱ्यात हलवलं. त्या रात्री हे तीनदा झालं. सिलिंडर होते, खाटा होत्या, फक्त नळीची जाडी कुणी बघितली नव्हती.

म्हणून मी खाटेआधी नळी बघतो. पाण्याचंही तेच. 100 पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयाला दर खाटेमागे रोज 450 लिटर पाणी धरावं, असं आपलं राष्ट्रीय मानक सांगतं. 100 खाटा वाढवल्या की 45,000 लिटर जादा पाणी आलं, आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन त्याच जुन्या ड्रेनेजमध्ये जाणार. ते तुंबलं की तळमजल्यावर वर येतं, आणि अपघात विभाग बहुतेक तिथंच असतो. विजेचंही वेगळं नाही. मंजूर भार तोच, केबल तीच, आणि दर वर्षी एक-एक एसी, बाळांना ऊब देणारा वॉर्मर, मॉनिटर त्यावर चढत जातो. भंडाऱ्याला 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात कक्षातल्या आगीत 10 बाळं गेली, त्यानंतर राज्यभर फायर ऑडिट झालं. माझा आग्रह आहे की ऑडिटमध्ये अग्निशामक नळकांडी मोजतो तसा विजेच्या पॅनेलवरचा भारही दर वर्षी मोजावा.

आता जुन्या इमारती पाडण्याबद्दल. परळच्या केईएमची 1926 ची दगडी इमारत किंवा तिच्या पिढीतल्या इतर इमारती घ्या. उंच छत, समोरासमोर खिडक्या, खेळती हवा. साध्या वॉर्डासाठी आजही याहून चांगली जागा मिळणं अवघड. पण भिंतींवरच सगळा भार असल्यानं हवं तिथं भगदाड पाडता येत नाही, आणि कित्येक टनांचं एमआरआय वरच्या मजल्यावर ठेवायचा विचारही करू नये. तेव्हा वॉर्ड आणि ओपीडी जुन्यात. थिएटर, आयसीयू, स्कॅन नव्यात.

दोन्ही शेजारी उभ्या केल्या की एक साधी चूक हमखास होते. जुन्या इमारतीचा मजला 15 फुटांचा, नव्याचा 12 फुटांचा. पहिल्या मजल्यावर 3 फुटांचा फरक, दुसऱ्यावर 6 फुटांचा. ट्रॉलीच्या रॅम्पला 1 फूट चढायला 12 फूट लांबी लागते, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर 72 फुटांचा रॅम्प! तेवढी जागा नसते, मग ऑपरेशन झालेला पेशंट लिफ्टनं खाली, अंगणातून पलीकडे, पुन्हा लिफ्टनं वर. पावसात त्याच्यावर प्लास्टिक धरून पळणारे मामा मी पाहिलेत. नकाशावरच मजले जुळवले असते तर हे टळलं असतं.

टॉवरनं प्रश्न लगेच सुटत नाही, हे पुण्यात दिसलं. ससूनची 11 मजली इमारत वर्षानुवर्षं रखडली आणि शेवटी एप्रिल 2020 मध्ये कोविडच्या रेट्याखाली घाईनं सुरू करावी लागली. उलट टाटा मेमोरियल बघा. 1941 पासूनचं परळचं रुग्णालय चालू ठेवून त्यांनी खारघरला मोकळ्या जागेत दुसरं संकुल वाढवलं. जागा संपली की बाहेर पडणं हाही विस्तारच.

राहिला तुमचा प्रश्न. तोपर्यंत काय? तुमच्या रुग्णालयाच्या तळमजल्यावरून एक चक्कर मारा आणि जिथं पेशंट नाही अशा खोल्या मोजा. जुन्या केसपेपरांचे गठ्ठे, मोडक्या खाटा, निर्लेखनाची, म्हणजे भंगारात काढण्याच्या मंजुरीची, वाट बघणारी यंत्रं, कपड्यांचं स्टोअर. मी काम केलेल्या एका ठिकाणी रेकॉर्ड बाहेर हलवल्यावर 22 खाटांची जागा निघाली. संडास आणि पाण्याची लाइन शेजारीच होती, वायरिंग नवं केलं, तीन महिन्यांत वॉर्ड सुरू झाला. यादी करून अधीक्षकांना द्या. नकाशा मिळाला तर मलाही पाठवा, भार आणि पाण्याचा हिशेब मी करून देतो.