खांदा दुखतो म्हणून हात बांधून ठेवू नका

ढोल पथकांचे सराव सुरू झाले की एक मेसेज पुण्यातल्या ग्रुपवर फिरायला लागतो. सांगणं असं: खांदा दुखला की महिनाभर हात हलवू नका. आधी एमआरआय काढा. त्यात स्नायू फाटलेला निघाला तर व्यायाम बंद, नाहीतर आणखी फाटेल. फिजिओकडे दहा दिवस मशीन लावून घ्या. आणि खांदा आखडलाच तर जाणकाराकडून एक झटका मारून मोकळा करून घ्या.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा मेसेज प्रमाण मानून बसलेली माणसं माझ्याकडे फार उशिरा येतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

महिनाभर विश्रांती कशाला? हाड मोडलं असेल किंवा खांदा निखळला असेल तर हात झोळीत ठेवावाच लागतो. बाकी बहुतेक दुखण्यांत नाही. खांद्याचा गोळा मोठा आणि खोबण उथळ असते. रोटेटर कफचे चार लहान स्नायू तो गोळा जागेवर धरून ठेवतात. वर्षभर ढोलाला हात न लावलेला मुलगा एकदम रोज दोन-दोन तास नदीपात्रात टिपरू हाणायला लागला, की याच स्नायूंच्या कंडरा, म्हणजे त्यांना हाडाशी जोडणारे दोर, दुखावतात. त्यांना महिनाभर बसवून ठेवलं तर त्या आणखी कमजोर होतात, आणि मिरवणुकीत तोच खांदा पुन्हा धरतो. वाजवणं कमी करा, हात बंद करू नका. व्यायामानंतर दुखणं थोडं वाढून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल तर घाबरायचं कारण नाही. ते टिकून राहिलं तर व्यायाम जरा कमी करायचा.

एमआरआयचं म्हणाल, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या, ४० ते ७० वयाच्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी केली होती. त्यातल्या ९६ टक्के जणांच्या खांद्यात काही ना काही बिघाड दिसला! म्हणजे रिपोर्टातला शब्द हेच दुखण्याचं कारण, असं धरून चालता येत नाही. गाडीवरून पडलात आणि त्यानंतर हात वर उचलताच येत नाही, तर मात्र वेळ न घालवता ऑर्थोपेडिककडे जा.

व्यायामाने आणखी फाटतं, ही भीती मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती माणसाला नेमक्या उपचारापासून लांब ठेवते. फिनलंडमध्ये मार न लागता स्नायू फाटलेल्या, ५५ वर्षांपुढच्या रुग्णांचे गट केले होते: काहींना फक्त फिजिओथेरपी, काहींवर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनंतर रुग्णाला जाणवेल असा फरक दिसला नाही.

मशीनच्या शेकाने बरं वाटतं, ते खोटं नाही. पण अल्ट्रासाउंडसारख्या मशीनचा रोटेटर कफच्या दुखण्यात फारसा फायदा दिसलेला नाही. दहा दिवस नुसतं मशीनखाली झोपवून एकही व्यायाम न शिकवणं म्हणजे रुग्णाचे पैसे वाया घालवणं, मग ते माझ्याच व्यवसायातल्या कुणी का केलेलं असेना. ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर झालेला २०२१चा अभ्यास तर सांगतो की एकाच भेटीत नीट शिकवून घरी करायला दिलेले व्यायाम सहा भेटींइतकेच उपयोगी पडले.

राहिला झटका. आधी खांदा खरंच आखडलाय का ते पाहा. कोपर बरगडीला चिकटवा, काटकोनात वाकवा, आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. दुखरा हात दुसऱ्या हाताच्या मानाने लवकर अडतो का? दुसऱ्या कुणी हळूच नेला तरी तिथेच अडतो का? तर फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असू शकतो. चाळिशी ते साठी या वयात, बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तो जास्त आढळतो. यात सांध्याभोवतीचं आवरणच जाड होऊन आक्रसतं. दुखऱ्या टप्प्यात ओढाताण केली की कळा वाढतात. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन खांदा मोकळा करतानाही क्वचित हाड मोडतं, मग सतरंजीवर बसवून मारलेल्या झटक्याचा भरवसा कुणी द्यायचा? सुरुवातीच्या कळांना स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि सोसेल तेवढे व्यायाम यांनी उतार पडतो. मधुमेह असेल तर तसं डॉक्टरांना आधी सांगा. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, ती घरी तपासत राहा.