शिंगवाल्यांत एक बुटका

रविवारी पाचपाखाडीत मित्राच्या घरी डी अँड डीचं, म्हणजे फासे टाकत, पात्रं वठवत खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं नवं कॅम्पेन (लांबलचक कथा) सुरू झालं. पाच खेळाडू, त्यांतले चार टीफलिंग. म्हणजे ज्यांच्या अंगात नरकातल्या कुणाचं तरी रक्त आहे असे, शिंगं-शेपटीवाले. पाचवा मी, ड्वॉर्फ, म्हणजे दाढीवाला बुटका.

ड्वॉर्फ या खेळात १९७४पासून, अगदी पहिल्या दिवसापासून आहे. टीफलिंग आले १९९४मध्ये आणि २००८ साली मुख्य पुस्तकात घुसले. त्याच पुस्तकातून बिचाऱ्या नोमला (ही आणखी एक बुटकी जमात) बाहेर काढलं आणि वर्षभराने पुरवणीत परत घेतलं. सोसायटीच्या कमिटीतही एवढं राजकारण नसतं.

असो. मित्राची आजी चिवड्याची परात घेऊन आली ती बसलीच. पहिल्याचं कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, उचलून, चष्मा सावरून, तिने पत्रिकेसारखं वाचलं.

“शिंगं आहेत?”

“हो आजी.”

“आईबापांना?”

“त्यांना नसली तरी चालतं. मागे खापरपणजोबा वगैरे...”

“म्हणजे पूर्वजांनी काहीतरी करून ठेवलेलं.” तिला ते लगेच पटलं. “आमच्या गावात होतं असं एक घर.”

दुसरा कागद. “हाही शिंगवाला? सख्खे भाऊ का रे?”

“नाही, यांची ओळखही नाही. आज खानावळीत पहिल्यांदा भेटणार.”

“चार शिंगवाले एकाच खानावळीत आणि कुणी कुणाला ओळखत नाही?”

डीएम, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागला.

मग माझा कागद. “उंची चार फूट. दाढी. शहाणपण आठ.” आजीने कागदावरून माझ्याकडे पाहिलं. मी पाच फूट दोन इंच, दाढी आहे. “अरे, हा तर तूच! खेळायला आलास ना? मग जरा वेगळं काहीतरी घ्यायचंस.”

सगळे हसले. डीएमसुद्धा, ज्याने तटस्थ राहायचं असतं.

“आजी, ड्वॉर्फला अंधारात साठ फूट दिसतं,” मी म्हणालो.

“आम्हालाही दिसतं,” एक शिंगवाला.

“विषाचा त्रास कमी होतो.”

“मग तू घे चिवडा,” आजी म्हणाली. “तेल जरा जुनं होतं.”

जगभरात म्हणे सर्वांत जास्त लोक साधा माणूसच निवडतात. आठवडाभर लोकलला माणूस म्हणून लटकायचं आणि रविवारीही तेच? कुठे राहतात हे लोक?

पुढचा दीड तास चौघांच्या पूर्वायुष्यात गेला. चौघांनाही गावाने वाळीत टाकलेलं, चौघांचेही डोळे लाल आणि मन दुखावलेलं. माझा ड्वॉर्फ लोहार होता, आईवडील हयात, कुणाशी वैर नाही. त्याला दोन मिनिटं मिळाली आणि त्यातही एकाने पाणी मागितलं. लढाई लागली तेव्हा नऊ वाजले होते. आम्ही २०१४चे नियम खेळतो, कारण नवं पुस्तक घ्यायला कुणी पैसे काढत नाही. नव्यात ड्वॉर्फही तीस फूट चालतो. जुन्यात पंचवीसच. प्रत्येक फेरीत मी पाच फूट मागे. ठाणे स्टेशनच्या पुलावर रोज मागून येणारे मला ओलांडून जातात, ते काय कमी होतं? मी पोचेपर्यंत गॉब्लिन संपले होते.

निघताना आजीला माळ्यावरचा डबा हवा होता. मी पुढे झालो.

“तू राहू दे,” ती म्हणाली. “त्या शिंगवाल्याला बोलाव.”