पिक्चर पोरांसाठी योग्य आहे का, हे न बघता ठरवायची पद्धत

नव्या धाटणीचा परीकथेचा पिक्चर लागलाय आणि घरात चार-पाच वर्षांचं लेकरू आहे, म्हणजे तुमच्यावर मोठी जबाबदारी आलीय, अभिनंदन. पहिलं काम, पिक्चरची चौकशी अजिबात करायची नाही. मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी पिक्चर निवडायचा निकष एकच असतो, एसी नीट चालतो का. चेटकीण किती भयानक आहे ते नंतर बघू, आधी गार किती लागतं ते कालच जाऊन आलेल्या शेजाऱ्यांना विचारून घ्या.

मग सर्टिफिकेट. सिनेमाच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि यूए चे (म्हणजे मुलांनी आईबापांच्या देखरेखीखाली बघायच्या पिक्चरचे) वयाप्रमाणे तीन भाग झाले, ७+, १३+ आणि १६+. हे वाचायच्या भानगडीत पडू नका, तसंही पडद्यावर तो कागद येतो तेव्हा आपण मोबाईलच्या टॉर्चवर सीट नंबर शोधत कुणाच्यातरी पायावर उभे असतो. आणि यातली खरी गंमत म्हणजे हे आकडे आईबापांनीच पाळायचे, बाकी कुणी सक्ती करायची नाही, असं कायद्यातच आहे. सरकारनं एवढा विश्वास टाकलाय तर चार वर्षांच्या पोराला १३+ ला बिनधास्त न्या आणि कुणी विचारलंच तर सांगा, "आमचं बारकं वयाच्या मानानं लई हुशार हाय."

आता फॅमिली ग्रुपवर विचारा. तिथं ज्यांनी पिक्चर बघितलेला नाही अशी सगळी माणसं ताबडतोब मत देतील. एक काका लिहितील की संस्कृती बुडाली, कारण शेवटी राजकन्या लग्नच करत नाही. हा मुद्दा मात्र गंभीर आहे हं. आग ओकणारा ड्रॅगन चालतो, आख्खं गाव बर्फात गोठलेलं चालतं, पण राजपुत्राला नाही म्हणणारी मुलगी आपल्या पिंकीनं पाचव्या वर्षी बघितली तर पुढं स्थळं बघायच्या वेळी काय करायचं? २०१३ च्या 'फ्रोझन'मध्ये तर सुरुवातीलाच आईबाप जहाजासकट बुडतात. मांडीवरचं लेकरू तिथं गपकन तुमचा दंड धरतं आणि कानात विचारतं, "मम्मी, तू पण जाणार का?" त्याला शूऽऽ म्हणून गप्प करा, कारण काकांच्या मेसेजमध्ये आईबापाच्या मरणाबद्दल काहीच नव्हतं, म्हणजे ते चालत असणार.

"आमच्या वेळच्या गोष्टी कशा सोज्वळ होत्या" हे वाक्य पाठ असू द्या, इंटरव्हलला कामाला येतं. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आईच होती (सावत्र ती पुढच्या आवृत्तीत झाली), ती पोरीचं समजून डुकराचं काळीज आणि फुप्फुस मीठ घालून शिजवून खाते आणि शेवटी तापलेल्या लोखंडी बुटांत मरेपर्यंत नाचते, एकदम सोज्वळ. आपल्याकडं म्हातारीला वाटेत भेटेल तो प्राणी खायला बघतो आणि काही घरांतल्या गोष्टीत तर चिऊताई काऊला तापल्या तव्यावर बसवते, ते ऐकत ऐकतच आपण वरणभात संपवला. डिस्नेच्या पहिल्या हिमगौरीला १९३८ मध्ये ब्रिटनच्या सेन्सॉरनं 'ए' दिलं होतं, म्हणजे तेव्हाच्या नियमानं लहान मुलं मोठ्या माणसाला घेऊन आली तरच आत. पण त्यात मोठ्या माणसानं पोराकडं बघणं धरलेलं असावं, तुम्ही रील बघा.

बाकी तुमचं पोरगं घाबरत नाहीच. गड्ड्याच्या जत्रेत त्याला खांद्यावर बसवून मौत का कुआँ दाखवलाय, रोज रात्री जेवताना सिरीयलमधली जाऊबाई खिरीत विष कालवते तेव्हा ते पोळी खात असतं, आणि डब केलेल्या मारधाडीत माणसं हवेत उडतात ते तर त्याला तोंडपाठ आहे. त्यामुळं आवाज फार मोठा आहे का, अंधारात दोन तास बसवेल का, रडलं तर उठून बाहेर यायची आपली तयारी आहे का, असले फालतू प्रश्न डोक्यात आणू नका. तिकिटाचे पैसे दिलेत, पॉपकॉर्नचे तर त्याहून जास्त, उठायचं कशाला?

घरी येताना सात रस्त्याच्या सिग्नलला चुकून त्याला विचारलंत, "कशाची भीती वाटली रे बाळा?" तर ते म्हणेल, चेटकिणीची नाही, बाथरूममधल्या त्या हात वाळवायच्या मशीनची. तिकडं लक्ष देऊ नका. सिग्नल सुटायच्या आत ग्रुपवर टाका, 'चेटकीण फारच भयानक, लहान मुलांना अजिबात नेऊ नये, एसी मात्र मस्त.'